सामाईक घर, एकट्याचा हप्ता

गणपतीत चाकरमानी गावी आले की सामाईक घरांचे जुने वाद वर येतात. त्यात अलीकडे एका नव्या वादाची भर पडली आहे. मूळ घरावर कर्ज काढायचे तर बँक सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या मागते. त्या मिळत नाहीत. मग दुरुस्ती राहते आणि घर पडते. तेव्हा ही अट काढून टाकावी आणि जो घरात राहतो, हप्ते भरतो, त्याला घर तारण ठेवण्याची मोकळीक द्यावी, असे गावात राहणारे म्हणतात. कागद एकदा गावच्या भावाच्या हाती गेला की घर गेलेच म्हणून समजा, तेव्हा सही द्यायचीच नाही, असे मुंबईत राहणारे म्हणतात. एक बाजू दुसरीला पळपुटी ठरवते, दुसरी पहिलीला चोर. हा सगळा वाद माणसांच्या स्वभावावर चालतो. गहाण म्हणजे नेमके काय आणि त्याने कोणावर कोणते बंधन येते, हा प्रश्न पडवीतल्या त्या बैठकीत कोणी विचारीत नाही.

माझे मत आधीच सांगतो. सर्वांच्या सह्यांची अट राहिली पाहिजे. मात्र सही देणाऱ्याने आणि मागणाऱ्यानेही त्या सहीचा अर्थ कागदावर लिहून घेतला पाहिजे. घरातला हिस्सा मालकीच्या कागदांवरून ठरतो, कर्जाचा भार ते कर्ज कशासाठी काढले त्यावरून ठरतो, आणि कोणी किती भरले हा तिसरा हिशेब आहे. हे तिन्ही हिशेब वेगवेगळे मांडून शेवटी एकमेकांत वळते करायचे असतात. आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून एकत्र कालवले जातात, म्हणून ‘हप्ते मी भरले, घर माझे’ आणि ‘नाव आहे, हिस्सा द्या, कर्जाचे तुमचे तुम्ही बघा’ ही दोन सारखीच चुकीची वाक्ये एकमेकांवर फेकली जातात.

अट काढा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. जांभ्या चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, पण तिच्यावरचे वासे, रिपा आणि कौले तशी राहत नाहीत. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत मे महिन्यातली शाकारणी (कौले काढून, फिरवून छप्पर नीट करणे) दोन वर्षे चुकली तर पाणी भिंतीत मुरते आणि तिसऱ्या वर्षी वाशाला हात लावला की भुसा हातात येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले तेव्हा पाऊस दाराशी उभा होता. छप्पर उडालेल्या माणसाला तीस वारसदारांच्या सह्या गोळा करायला सांगणे ही त्या घडीला थट्टाच होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात तीच पाळी आणली. त्यातून आपले सातबारे असे, की आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली तरी नाव त्यांचेच, किंवा थोरल्या चुलत्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी तीन अक्षरे आणि बाकीच्या भावंडांचा पत्ताच नाही. वारस नोंदी घालायला बसले की एका नावाची सतरा होतात. त्यातला एक परमुलखात, एकाचा ठावठिकाणा नाही आणि एक गावातच असूनही फणसाच्या झाडावरून दहा वर्षे बोलत नाही. अशा एकाच्या रुसव्याने सगळे घर अडून बसते, ही तक्रार खोटी आहे असे कोण म्हणेल?

पण सही अडली म्हणून अटच काढा, हे आमच्या विहिरीचा रहाट कुरकुरतो म्हणून विहीर बुजवा म्हणण्यासारखे आहे. घर गहाण पडते तेव्हा ते अखंड पडते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या ६० व्या कलमाचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक सहहिस्सेदाराने एकदा समजून घ्यावा असा आहे. एका हिश्शाचा धनी आपल्या हिश्शापुरती रक्कम भरून तेवढाच हिस्सा गहाणातून सोडवून मागू शकत नाही. एकतृतीयांश पैसे घ्या आणि माझ्या बाजूच्या दोन खोल्या मोकळ्या करा, असे धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, सांगता येत नाही. सोडवायचे तर सगळे कर्ज फेडून सगळे घर सोडवायचे. (धनकोनेच एखाद्याचा हिस्सा विकत घेतला असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणजे एकाच्या थकलेल्या हप्त्याची झळ ज्याने एक रुपया उचललेला नाही त्याच्या उंबऱ्यापर्यंत येते. थकीत कर्जांच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी दाव्यावाचून ताब्याची कारवाई सुरू करू शकते, आणि ती नोटीस दाराला चिकटवताना कोणाची खोली कोणती हे पाहिले जात नाही. ज्याच्या डोक्यावर इतका मोठा धोका येणार त्याला विचारूही नये, ही मागणी कोणत्या न्यायात बसते?

शिवाय एकट्या हिस्सेदाराचे हात कायद्याने बांधून ठेवले आहेत हा समजही बरोबर नाही. मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या कोकणातही, हिंदू एकत्र कुटुंबातल्या सहदायकाला (जन्मानेच हिस्सेदार असलेल्याला) आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकण्याची किंवा गहाण ठेवण्याची मुभा न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून मानलेली आहे. बंगालमध्ये किंवा उत्तरेत मिताक्षरा ही वारसापद्धती पाळणाऱ्या कुटुंबांना ती नव्हती. त्या मुभेला कुंपण मात्र घातलेले आहे. १८८२ च्या त्याच कायद्याचे ४४ वे कलम सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला त्या घरात कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. १८९३ च्या विभाजन अधिनियमाने पुढची पायरी घातली: असा बाहेरचा माणूस वाटपाचा दावा घेऊन आला, तर घरातल्या सहहिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला स्वतः विकत घेता येतो. अनोळखी माणसाने माजघरात येऊन बसू नये आणि त्याचे पैसेही बुडू नयेत, अशी दुहेरी काळजी त्यामागे आहे. तेव्हा स्वतःचा हिस्सा ठेवायला कोणी अडवलेले नाही. अडचण अशी की अविभक्त हिश्शाला बँका हात लावायला नाखूष असतात, कारण लिलावात तो घेणार कोण? म्हणजे अट काढा म्हणणाऱ्यांची खरी मागणी आपला हिस्सा ठेवण्याची नसून इतरांचे हिस्से आपल्या एकट्याच्या सहीने ठेवण्याची आहे. ती तशी उघडपणे मांडली तर वाद अर्ध्यावर येईल.

यावर एक उत्तर दिले जाते की पूर्वी कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, एकटाच सही करीत असे आणि तरी घरे टिकली. टिकली, पण त्या कर्त्याच्या हातात मोकळे रान नव्हते. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात जे तत्त्व घालून दिले ते शंभर-दीडशे वर्षे आपल्या न्यायालयांनी चालवले: कारभाऱ्याने केलेले गहाण सगळ्या कुटुंबाला बांधायचे तर त्यामागे कुटुंबाची खरी गरज किंवा इस्टेटीचे हित असले पाहिजे, आणि पैसे देणाऱ्याने त्या गरजेची चौकशी प्रामाणिकपणे केलेली असली पाहिजे. कर्ज कशासाठी, हा प्रश्न त्या काळीही पहिला होता. आज एकट्याच्या सहीचे समर्थन करणारे कर्त्याचा अधिकार मागतात आणि त्याच्या मानेवरचे हे जोखड विसरतात. शिवाय पूर्वी बापाचे ऋण मुलाने फेडायचे ते धर्म म्हणून. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलांवर दावा लावता येत नाही. ज्या रचनेवर कर्त्याची एकटी सही उभी होती तिचे खांबच काढलेले आहेत.

आता हप्त्यांकडे वळू. इथे मला आमच्याच घराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात मीही चुकलो आहे. देवगड तालुक्यातले आमचे मूळ घर तीन घराण्यांत सामाईक. बारा वर्षांपूर्वी गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाने पडवीत कर्जाचे कागद पसरले. छप्पर नवे करायचे आणि मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या, असे ठरले होते. जिथे सही करायची तिथे बँकेच्या माणसाने आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. काकीने विचारले, “किती रुपयांचा कर्ज रे?” तो म्हणाला, “काकी, तू नुसती सही कर. हप्ते मी भरतलंय. घर खंय पळान जातला?” सगळे हसले आणि फुल्या एकेक करून भरत गेल्या. मीही भरल्या. दुपारची गाडी होती.

कर्ज ९ लाखांचे होते. त्यातले ६ लाख छपरावर आणि खोल्यांवर गेले, उरलेल्या ३ लाखांत त्याने आंब्याच्या पेट्या वाहायला टेम्पो घेतला. तौक्तेच्या वर्षी पीक झाडावरून खाली आले, हप्ते थकले आणि ओटीच्या खांबावर नोटीस चिकटली. तेव्हा मुंबईच्या दोन घराण्यांनी प्रत्येकी २ लाख घालून शेवटची बाकी भागवली आणि गहाण सुटले. त्यानंतरच्या गणपतीत जे भांडण झाले त्याचे शब्द सगळ्या कोकणाला पाठ आहेत. तो म्हणाला, साडेनऊ लाख मी भरले, घर माझे. आम्ही म्हणालो, चार लाख घालून आम्ही घर वाचवले, नाहीतर आज लिलाव झाला असता, तेव्हा तू गप्प बस.

हिशेब मांडला तर काय निघते? एकूण भरणा साडेतेरा लाख, व्याजासह. कर्जाची दोनतृतीयांश रक्कम घरावर लागली, म्हणजे भरण्यातले ९ लाख घराचे. तीन घराण्यांत सारखे वाटले की प्रत्येकी ३ लाख. उरलेले साडेचार लाख टेम्पोचे, ते त्याच्या एकट्याचे. म्हणजे त्याने भरायला हवे होते साडेसात लाख आणि भरले साडेनऊ. आमच्या दोन्ही घराण्यांनी भरायला हवे होते तीन-तीन लाख आणि भरले दोन-दोन. तेव्हा आम्हीच त्याचे प्रत्येकी १ लाख देणे लागतो. घर वाचवल्याचा टेंभा मिरवणारे आम्ही देणेकरी निघालो. आणि साडेनऊ लाख भरणाऱ्याचा हिस्सा जो एकतृतीयांश होता तो तसाच राहिला. दोघांचीही ओरड हवेत गेली.

हे केवळ माझे गणित नाही. उलट करार नसेल तर गहाण घरातल्या वेगवेगळ्या हिश्शांनी कर्जाचा भार आपापल्या प्रमाणात उचलायचा, हे १८८२ च्या कायद्याच्या ८२ व्या कलमात आहे. ‘उलट करार नसेल तर’ हे चार शब्द महत्त्वाचे. टेम्पोचे पैसे त्याचे एकट्याचे, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होते, पण लिहिलेले कुठेच नव्हते. तो नाही म्हणता तर तेही ओझे तिघांच्या माथी मारण्यासाठी त्याला कायद्याचा आधार मिळाला असता. तो नाही म्हणाला नाही, हा त्याचा चांगुलपणा. चांगुलपणावर साडेचार लाखांचा हिशेब टांगून ठेवणे हा आमचा शहाणपणा. त्याच कायद्याचे ९२ वे कलम सगळे गहाण सोडवणाऱ्या सहमालकाला धनकोच्या जागी उभे करते, म्हणजे इतरांच्या हिश्शांवर आपल्या येण्यापुरता त्याला हक्क सांगता येतो. मात्र गहाण पुरते सुटलेले असले पाहिजे. चार वर्षे हप्ते भरून मध्येच थांबलेल्याला ही जागा मिळत नाही. भरणाऱ्याच्या हाती कायदा पैशाचे येणे देतो आणि त्या येण्याला घराची हमी देतो. मालकी देत नाही. द्यावी का? क्षणभर तसे मानून बघा: मग ज्याच्याकडे ज्या वर्षी रोख असेल तो भावाच्या अडचणीच्या वर्षात दोन हप्ते भरून त्याचे घर घेऊन जाईल. सावकार याहून वेगळे काय करीत होता?

सावकाराचे नाव निघाले म्हणून देशावरची एक जुनी गोष्ट आठवते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा सुरू झाला आणि तो गावोगाव पसरला. त्या दंग्यांत रयतेचा रोख बहुतेक ठिकाणी सावकाराच्या खतांवर, म्हणजे कर्जाच्या दस्तांवर, होता. कागद हाती आले की ते जाळायचे. कागदात काय लिहिले आहे हे ज्याने अंगठा दिला त्यालाच माहीत नव्हते, हे त्या रागाचे मूळ. चार वर्षांनी आलेल्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने गहाणे बंद केली नाहीत. न्यायालयाने खताच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब उघडावा, शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, सावकाराने पावती आणि खातेपुस्तक द्यावे, अशी व्यवस्था त्याने केली. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो आधी आला. कोकण त्यात नव्हते. पण सहीच्या आधी आकडा मोठ्याने वाचला जावा, ही जी साधी गोष्ट त्या कायद्याने सावकाराकडून मागितली, ती आपण आपल्या सख्ख्या चुलतभावाकडून मागायला लाजतो.

मुंबईकरांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. सहहिस्सेदार म्हणून तारणाला संमती देणे, सहकर्जदार होणे आणि जामीन राहणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या गठ्ठ्यात मात्र तिन्हींच्या फुल्या सारख्याच दिसतात. सहकर्जदार झालात तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे धनको सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडून मागू शकतो. बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करणे मग तुमच्याकडे लागले. कित्येकजण कटकट नको म्हणून भावाला हक्कसोड करून देतात आणि मोकळे झालो असे समजतात. हक्कसोडीने घर जाते, कर्जावरचे नाव जात नाही. ते काढायला बँकेची लेखी संमती लागते. शहरातल्या फ्लॅटचेही हेच. रत्नागिरीत नवरा-बायकोने किंवा भावा-भावाने मिळून घेतलेल्या फ्लॅटवर आयकराची सवलत दोघांना मिळावी म्हणून दोघांची नावे कर्जावर घातली जातात, आणि पुढे फाटले की जो बाहेर पडतो तो हप्ता थांबवतो. बँकेला त्यांच्या घटस्फोटाशी कर्तव्य नसते. थकबाकीचा डाग दोघांच्या नावावर पडतो.

आणि सही द्यायचीच नाही, या हट्टाचे काय? ज्याने वीस वर्षांत शाकारणीला मदत म्हणून एक कौल पाठवले नाही त्याने छपराच्या कर्जालाही नकार द्यायचा आणि घर पडले की जागेच्या हिश्शाला पुढे यायचे, यात हक्क आहे, पण तो दुसऱ्याच्या घामावर ठेवलेला आहे. त्याला कर्जाची भीती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाने शेतजमिनीचे आणि दिवाणी न्यायालयातून घराचे वाटप मागता येते. वाटप नको आणि सहीही नको, असे चालणार नाही.

बहिणींचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण दोन्ही पक्ष तो टाळतात. राहत्या घराचे वाटप भाऊ मागतील तेव्हाच बहिणीला मागता येईल, असे सांगणारे हिंदू वारसा कायद्याचे २३ वे कलम २००५ साली गेले. मुलगी जन्माने सहदायक आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरी सह्यांची यादी करताना ‘ती काय, माहेरवाशीण, देईल हक्कसोड’ असे म्हणून तिचे नाव वगळले जाते. एकट्याच्या सहीने घर ठेवता यावे, ही मागणी मान्य झाली तर सर्वांत आधी तिला विचारणे बंद होईल. अट राहावी असे मला वाटण्याचे हे मोठे कारण आहे.

या सगळ्यात एका गोष्टीवर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. गावच्या भावाच्या बाजूने सर्वांत जड मुद्दा हप्त्यांचा नसून राबण्याचा आहे. दर मे महिन्यात वर चढून कौले फिरवणे, देवाजवळ दिवा लावणे, घरपट्टी भरणे, चतुर्थीआधी भिंतींना रंग काढणे, याची पावती कोणती आणि त्याचा भाव कोण ठरवणार? कायदा खर्च धरतो, उपस्थिती धरत नाही. आमच्या वादात हाच मुद्दा शेवटी अडला. आम्ही म्हणालो, दोन खोल्यांचे भाडे तू घेतोस, तेही हिशेबात धर. काकी म्हणाली, “धरा. पण मग बावीस शाकारण्या पण धरा.” तेव्हा एका वहीत वर्षवार दोन रकाने पाडले: डावीकडे पर्यटकांकडून आलेले पैसे, उजवीकडे शाकारणीची मजुरी गावच्या त्या त्या वर्षीच्या दराने आणि घरपट्टीच्या पावत्या. दर आठवून सांगायला गावातला जुना गडी बोलावला होता. भाड्याचा रकाना थोडा वर निघाला. त्या फरकातला आमचा वाटा आमच्या लाख-लाखांतून वजा केला. घरातले हिस्से एकतृतीयांशच राहिले आणि पुढचे कर्ज कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या माथ्यावर हे लिहिल्याशिवाय कोणी सही करायची नाही, असे त्याच पानावर खाली लिहिले. दोन घराण्यांच्या सह्या झाल्या आहेत. तिसऱ्याने टेम्पोची मूळ पावती पाहायला मागितली आहे आणि चुलतभाऊ ती पत्र्याच्या ट्रंकेत शोधतो आहे.